फ्रेश चेहरा आणि वरचा मजला

(पत्र लिहिणाऱ्या ताईंची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न थोडक्यात असा.)

"वय 36. बेळगावात साडीच्या दुकानात 11 वर्षं कामाला आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आलं. गणपतीच्या आधी दुकानात 23 वर्षांची एक मुलगी लागली. गोरी, नाजूक. बैलहोंगलकडची आहे, कन्नडही चांगलं बोलते. मालकांचा मुलगा तिच्या अंगावर साड्या लावून रील काढतो. मला मालक म्हणाले, 'अक्का, तुम्ही आता वर ड्रेस मटेरियलला बसा, खाली जरा फ्रेश चेहरा पाहिजे.' तेव्हापासून आरशासमोरून हलवत नाही. गिऱ्हाईक माझ्या गालाकडं बघून तोंड फिरवतात असं वाटतं. मेडिकलमधून क्रीम आणलं. आधी फरक पडला, आता चेहरा लाल होतो, उन्हात जळजळतो. दुपारचा डबा एकटीच खाते, कधी तसाच परत नेते. रागाच्या भरात दोघीजणींपाशी बोलून गेले की मालक तिला उगाच पुढं बसवत नाहीत. ती समोर आली की माझं डोकं फिरतं आणि मग स्वतःचीच शरम वाटते. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. गाल, डाग, रंग, वय यांच्याखाली रेघा मारता मारता कागद काळा झाला. कन्नडचा उल्लेख मात्र सबंध पत्रात एकदाच आहे आणि तोही जाता जाता. मी त्या ओळीपाशी बराच वेळ थांबले. तिच्याकडं परत येते. आधी क्रीमचं बोलू, कारण तुमचा गाल आत्ता जळतोय.

मी समुपदेशक आहे, कातडीची डॉक्टर नाही. पण माझ्याकडं येणाऱ्या बायकांच्या पर्समधून अशा ट्यूबा इतक्यांदा निघाल्यात की त्यांची ओळख झाली आहे. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं काही लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. काहींत त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असतं. त्वचारोगतज्ज्ञ अशी औषधं देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि स्वतःच्या नजरेखाली. महिनोन्‌महिने फाउंडेशनसारखी थापली तर सुरुवातीला रंग उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली येते, बारीक शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या उठतात, ऊन सोसवत नाही. लावायचं बंद केलं की चेहरा आणखी भडकतो. बाई घाबरून परत लावते आणि यातून सुटका होत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. आपल्या गल्लीतल्या मेडिकलपर्यंत तो किती पोचला, ते तुमचा गालच सांगतोय.

तेव्हा आठवड्याच्या सुट्टीची वाट बघू नका. सिव्हिलमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे, तिथं जा किंवा तुमच्या भरवशाच्या डॉक्टरकडं जा. क्रीम एकदम थांबवायचं की हळूहळू सोडवायचं हे त्यांना ठरवू द्या. ट्यूब लाजून घरी ठेवू नका, बरोबर न्या. वांगाबद्दलही त्यांनाच विचारा. गरोदरपणातले हार्मोन, ऊन आणि घराण्यातला कल यांतून ते येतं. बऱ्याचदा फिकं होतं, पण ऊन लागलं की पुन्हा वर येतं. म्हणून स्कूटीवर स्कार्फ आणि निदान 30 एसपीएफचं सनस्क्रीन लागतंच. तुम्ही काही चुकीचं खाल्लं किंवा चेहऱ्याकडं दुर्लक्ष केलं म्हणून वांग आलेलं नाही.

आता मालकांच्या 'फ्रेश' या शब्दाकडं वळते. 1975 साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव 2020 मध्ये बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. आपल्याकडंही तसंच चाललंय. 'गोरी पाहिजे' म्हणायला आता जीभ कचरते, म्हणून 'फ्रेश' म्हणायचं. मालकांनी सभ्य शब्द वापरला, पण तुम्हाला त्याचा अर्थ बरोबर कळला. तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत असं मी म्हणणार नाही. दुकानदारीत रूप चालतं. रीलमध्ये तर चालतंच. 'मनाचं सौंदर्य खरं' वगैरे सांगणारे लोक स्थळ बघायला गेले की पहिला प्रश्न काय विचारतात, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय.

पण तुमच्या पत्रात दोन गोष्टींची गुंतवळ झाली आहे. मालकांनी जे केलं ते घडलं आहे, त्याला साक्षीदार आहेत. गिऱ्हाईक गालाकडं बघून तोंड फिरवतं, हे मात्र तुम्हाला वाटतंय. रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या दोन मानसशास्त्रज्ञांचा 1980 साली छापून आलेला एक प्रयोग आहे. त्यांनी काही जणांच्या चेहऱ्यावर रंगानं खोटा व्रण काढला, आरशात दाखवला आणि आता अनोळखी माणसाशी बोलायला जा म्हणून सांगितलं. जायच्या आधी, व्रण टिकावा म्हणून जरा क्रीम लावतो, असं म्हणत तो पुसूनच टाकला. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. चेहरा साफ, तरीही परत आल्यावर त्यांनी सांगितलं की समोरचा माणूस अवघडला होता, नजर चुकवत होता. जो व्रण चेहऱ्यावर नव्हताच, त्याच्यामुळं समोरचा असा वागला अशी त्यांची खात्री होती.

तुमचं वांग खोटं नाही, ते आहे. पण गिऱ्हाइकानं तोंड फिरवलं की कारण शोधायला तुमचं मन दुसरीकडं कुठं जातच नाही, थेट गालावर येतं. साडीच्या दुकानात माणसं तोंड का फिरवतात हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. बजेट संपलं. सासूला काठ पसंत नाही. समोरच्या दुकानात दोनशे रुपये कमी सांगितलेत. 11 वर्षं तुम्ही गिऱ्हाइकाचा चेहरा वाचून 'हे घेणार, हे नुसतं घड्या मोडायला लावणार' असं ओळखत आलात. ती नजर फक्त स्वतःच्या बाबतीत चुकायला लागली आहे.

एक करून बघा. आठ दिवस, प्रत्येक गिऱ्हाईक गेलं की वहीच्या मागच्या पानावर दोनच शब्द लिहा: त्याची नजर कुठं होती. काठावर, किमतीच्या चिठ्ठीवर, मोबाइलवर, रडणाऱ्या पोरावर. गालावर होती असं वाटलं तर तेही लिहा, खोटं लिहू नका. मोठ्या आवाजात सांगायची ही वही नाही. तुमच्या मनानं चालवलेल्या खटल्यात निदान साक्षीपुरावा तरी यावा, एवढ्यासाठीच आहे.

आणि आरसा. दुकानातले दिवे साडीवरची जर चमकावी म्हणून लावलेले असतात. डोक्यावरून पडणाऱ्या त्या पांढऱ्या उजेडात डोळ्यांखाली सावल्या पडतात, डाग गडद दिसतात, हे कुणाच्याही चेहऱ्याचं होतं. दिवसातून किती वेळा आरशात बघता ते एक दिवस मोजा. आकडा बघून दचकाल. मग सकाळी घरी एकदा, दुपारी केस सारखे करायला एकदा, बस्स. बघितल्यानं मन शांत होतं असं वाटतं, पण ती शांती पाच मिनिटं टिकते आणि पुढच्या वेळी आणखी बघावंसं वाटतं. खाजेसारखंच आहे ते.

आता ती कन्नडची ओळ. तुमच्याकडं तिशी-पस्तिशीच्या दहा बायका आल्या आणि त्यातल्या सहा कन्नड बोलणाऱ्या असतील तर तुम्ही काय करता? मला अंदाज आहे, कारण मी स्वतः बेळगावात मराठी शाळेत शिकलेली आहे. तुटकं बोलायचं, हसून वेळ मारून न्यायची आणि किंमत सांगायची वेळ आली की शेजारणीला हाक मारायची. ती मुलगी आल्यापासून ती हाक तिला जायला लागली असेल. गिऱ्हाईक तिच्याशी 'चलो काणतैती' (छान दिसतंय) म्हणून गप्पा मारतं, तुम्ही घडी धरून उभ्या. मला वाटतं, खाली पाय डळमळीत झाला तो इथं. मालकांनी 'फ्रेश चेहरा' म्हटलं ते नंतर. तुमच्या मनानं मग तोच शब्द उचलला आणि सगळं दुःख गालावर नेऊन ठेवलं. मी चुकतही असेन. पण पत्रात जी गोष्ट सगळ्यात घाईनं सांगून टाकलेली असते, तिथंच खूपदा दुखत असतं, असा माझा अनुभव आहे.

आपल्या भागात हे बोलायला अवघड आहे, मला माहीत आहे. घरात सीमाभागाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला कन्नड शिकणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं. माझ्या आईला तसं वाटायचं आणि तिच्या भावनेची मी टर उडवणार नाही. पण आपल्या बाजारातला जुना मराठी व्यापारी बघा. गावाकडच्या आजीशी मराठी, सौंदत्तीकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड, कॅम्पातल्या माणसाशी हिंदी आणि गोव्याहून बस्ता बांधायला आलेल्या लोकांशी जमेल तशी कोकणी. त्याचं मराठीपण कुठं पातळ झालं? गल्ल्यावर बसलेल्यानं चार भाषा बोलल्या तर तो हुशार आणि काउंटरवरच्या बाईनं बोलली तर तिनं माघार घेतली, असा हिशेब मला मान्य नाही. आणि हो, गोव्याकडचं गिऱ्हाईक तुमच्या हातात त्या मुलीपेक्षा लवकर येत असेल. ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत.

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्ये मांडलं होतं की माणूस स्वतःची तुलना आपल्यासारख्याच माणसांशी करतो. म्हणून पडद्यावरची नटी कितीही सुंदर असो, तुमची झोप उडत नाही. त्याच काउंटरवर, त्याच पगारातली, तसाच डबा आणणारी मुलगी मात्र रात्री डोळ्यांपुढं येते. यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही. दुकानात पुढं उभी राहायची जागा एकच ठेवली आणि तिच्यावर चेहऱ्याचा शिक्का मारला की खाली कुणीही दोघी असत्या तरी हेच झालं असतं. लोक वरून म्हणणारच, 'बाईच बाईची वैरीण.' दोन सेल्समन इन्सेंटिव्हवरून हमरीतुमरीवर आले तर त्याला धंदा म्हणतात.

आता जे ऐकायला तुम्हाला आवडणार नाही ते. 'मालक तिला उगाच पुढं बसवत नाहीत' हे वाक्य.

तुम्ही रागात बोललात हे मला कळतं. पण बेळगाव किती मोठं आहे, ताई? खडेबाजारात सकाळी निघालेली गोष्ट संध्याकाळी बसमध्ये बसून तिच्या गावाला पोचते. ती 23 वर्षांची आहे, तिची स्थळं बघत असतील. तुमच्या मनातलं विसरून जाईल, तिच्या नावाला चिकटलेलं निघणार नाही. त्यातून तिची नोकरी गेली तर ती नोकरी तुम्ही घालवलीत असं होईल, मालकांनी नव्हे. मी हे सौम्य करून सांगू शकत नाही.

ज्या दोघींपाशी बोललात, त्यांच्याचपाशी, शक्य तर त्याच जागी, डब्याच्या वेळी, साध्या शब्दांत परत घ्या: "मी त्या दिवशी तिच्याबद्दल बोलले ते रागात बोलले. मी तसलं काही बघितलेलं नाही. कुणाला सांगितलं असाल तर माझं नाव घेऊन सांगा की ते खोटं होतं." दोघी हसतील, एखादी म्हणेल 'धूर निघतो तर जाळ असणारच.' तिला सांगा, धूर मीच काढला होता. त्या मुलीपाशी जाऊन रडून माफी मात्र मागू नका. तिला कदाचित यातलं काही ठाऊक नसेल. तुमच्या मनावरचं ओझं उतरवायला तिच्या डोक्यावर ठेवू नये. तिच्या कानावर गेलंय असं दिसलं तरच तिच्याशी बोला आणि तेव्हा कारणं सांगू नका.

तिच्या बाजूनंही जरा बघा. दिवसभरात किती साड्या तिच्या खांद्यावर टाकल्या जातात? निऱ्या खोचताना, पदर लावताना भोवती किती डोळे, किती मोबाइल? त्या रीलखाली लोक काय काय लिहितात, ते तिच्या घरचे वाचतात का? रील काढायच्या आधी तिला कुणी विचारलं होतं का? फ्रेड्रिकसन आणि रॉबर्ट्स या दोन अभ्यासक बायकांनी 1997 मध्ये लिहून ठेवलंय की सतत बघितली जाणारी बाई हळूहळू स्वतःकडंही बाहेरून, बघणाऱ्याच्या डोळ्यांनी बघायला लागते. तुम्ही आरशापुढं उभ्या राहून जे करताय, तेच ती कॅमेऱ्यापुढं करत असणार. शिवाय ती कधी ना कधी 30 वर्षांची होईल आणि 'फ्रेश' हा शब्द तेव्हाही दुकानात असेल.

आणि कुणी मालक, मालकाचा मुलगा किंवा गिऱ्हाईक तिच्या किंवा तुमच्या अंगाबद्दल घाणेरडं बोललं, नको तिथं हात लावला, तर त्यासाठी 2013 चा कायदा आहे. 10 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर दुकानात अंतर्गत समिती पाहिजे. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते. मुदत घटनेपासून तीन महिने. अशा वेळी तिला पहिली साक्षीदार लागेल ती तुम्ही असाल. एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन बायका मालकाला किती सोयीच्या पडतात, याचा विचार करा.

मालकांशी बोलायचं आहेच. 'फ्रेश' शब्दावरून भांडायला जाऊ नका, ते 'मी तसं म्हटलं नव्हतं' म्हणून मोकळे होतील. हिशेब घेऊन जा. बिलावर तुमचा नंबर पडत असेलच. गेल्या लगीनसराईत तुमच्या हातून किती बस्ते गेले, त्यातली किती घरं तुमचं नाव काढत पुन्हा आली, ते काढा. वर बसल्यापासून इन्सेंटिव्हमध्ये किती फरक पडला हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. मग दुपारी, गिऱ्हाईक नसताना, उभ्या उभ्या नाही तर बसून बोला: "मालक, वर बसायला माझी ना नाही. पण माझं नाव काढत बस्त्याचं गिऱ्हाईक आलं तर मला खाली बोलवा. वरच्या मालावर इन्सेंटिव्ह कमी पडतं, तेवढं ठरवून द्या. आणि चेहऱ्याचं चारचौघांत काढू नका, मला लागतं." शेवटचं वाक्य बोलवेल का ते तुम्हीच ठरवा. 11 वर्षं काम केलेल्या बाईला ते बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं, पण घरभाडं मला भरायचं नाही, तुम्हाला भरायचं आहे. ते मागण्या सरळ उडवून लावतील, असंही होऊ शकतं. तसं झालं तर शहापूर-वडगावकडच्या दुकानांत तुमच्यासारख्या अनुभवी हाताची चौकशी गुपचूप करून ठेवायला काय हरकत आहे? इरकल आणि पैठणी डोळे मिटून ओळखणारी बाई जाहिरात देऊन मिळत नाही.

डबा परत नेऊ नका. दिवसभर उभं राहायचं, पोटात काही नाही, त्यात झोप नाही, मग संध्याकाळी जो राग येतो त्यातला अर्धा भुकेचा असतो. दिसण्याचेच विचार दिवसातला तास-दीड तास खात असतील, माणसांत जाणं टाळलं जात असेल, जगण्यात राम नाही असं मनात येत असेल, तर मात्र पत्रावर भागवू नका. 14416 या टेली-मानसच्या नंबरवर रात्री-बेरात्री फुकट बोलता येतं. समोर बसून बोलायचं तर धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत, डिमहान्समध्ये, मोठी सोय आहे. बेळगावहून सकाळची बस धरली तर संध्याकाळी घरी येता येतं. तिथं वेड्यांनाच नेतात हे आपल्या आजीच्या काळचं बोलणं, सोडून द्या.

कन्नडची शिकवणी लावायला नको. काउंटरला तीसेक वाक्यं लागतात आणि त्यातली बरीच तुमच्या कानावरून 11 वर्षं जाताहेत, फक्त जिभेवर आलेली नाहीत. त्या मुलीकडून शिका असं मी आज सांगत नाही, आधी त्या दोघींपाशी बोललेलं निस्तरा. पुढं कधी जमलं तर बघा, तिलाही पैठणीचा पदर उलटा करून विणकाम कसं ओळखायचं हे कुणीतरी शिकवायला पाहिजेच. सुरुवात 'बर्री अक्का, कुंदर्री' (या अक्का, बसा) यापासून करा. गिऱ्हाईक बसलं की 'एष्टरोळग बेक्री' म्हणून किती रुपयांतलं पाहिजे ते विचारा. पहिल्यांदा तुमचं ऐकून ती बाई हसेल आणि मग बहुतेक आपला आकडा सांगेल.